नगराच्या वेशी आणि मंदिराचे दार
(वार्षिक संमेलनानिमित्त काढलेल्या अमरावती-दर्शन पदयात्रेनंतर झालेले भाषण)



अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या आपल्या कुटुंबांना आज सकाळी जुने शहर पायी दाखविण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले होते. पदयात्रेत जे दाखविले, त्याचा अर्थ काय, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपण प्रारंभ केला तो परकोटापासून. हा कोट कोणा राजाच्या वैभवासाठी बांधलेला नाही. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो उभारण्यात आला. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. जेथे असा माल, तेथे लुटारूंचे भय आलेच. म्हणजे या भिंतीचा पाया कापसाने घातला आणि तिची उंची भयाने ठरविली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु सगळेच संकट वेशीबाहेरून येत नाही. खुनारी खिडकीपाशी एका लहान मुलाने ‘हे असे नाव का?’ म्हणून विचारले. १८१८ साली मोहरमच्या वेळी तेथे झालेल्या दंग्यात सुमारे सातशे माणसे मारली गेली, असे जुने गॅझेटिअर सांगते. पेंढाऱ्यांना अडविणारी भिंत आपसांतील वैर अडवू शकली नाही. नगर दाखविणाऱ्याने अशा जागी पाऊल झपझप उचलू नये, असे आम्हांस वाटते.

पुढे आपण अंबादेवीच्या मंदिरापाशी आलो. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण येथूनच केले, ही कथा आपल्या आयाबहिणींना मुखोद्गत आहे. १८९७ सालच्या राष्ट्रसभेच्या तेराव्या अधिवेशनाचाही आपणांस अभिमान आहे. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. आणि लोकमान्य त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात! ही गोष्ट सांगताना आजही ऊर भरून येतो.

पण त्याच अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. याच अंबादेवीचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, हा त्या वेळचा प्रश्न होता. पंजाबराव देशमुखांसारखा वऱ्हाडचा सुपुत्र त्यांच्या बाजूने उभा राहिला. देवी सर्वांची आई. मग आईच्या दाराशी लेकरांनी परवानगी का मागावी? १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही त्या दाराबाहेर कोण उभे होते, हे मुलांना सांगणे आपले कर्तव्य आहे.

कोणी म्हणेल, जातीच्या संमेलनात ही आठवण कशाला? आमचे उत्तर असे की, ती येथेच हवी. आपली संस्था आपल्या मुलांना शिष्यवृत्ती देते, वधूवरांची माहिती जुळविते, अडलेल्यास हात देते. हे सारे स्तुत्य होय. परंतु आपल्यांसाठी घर बांधताना दुसऱ्यांसाठी भिंत उभी राहत नाही ना, हे प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावे. वेस गावाला राखते. तीच बंद राहिली तर गाव कोंडते.

परकोटाचे भाग अजून उभे आहेत. दगड सांभाळणे सरकारचे काम असेल. त्यामागची गोष्ट सांभाळणे मात्र घरातील आजी-आजोबांचे. म्हणून आमची विनंती अशी की, पुढील वर्षी अशीच पदयात्रा अकोल्यास काढावी. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड तेथे आहे. तेथील वडील मंडळींनी आतापासून माहिती जमवावी, आणि वाट दाखविण्याचे काम या वेळी तरुण मुलामुलींकडे सोपवावे. गौरवाचे आणि लाजेचे, दोन्ही त्यांनी सारख्याच स्वच्छ आवाजात सांगावे.