मालखान्याची किल्ली

  आम्हा निवृत्त पोलिसांच्या रोहण्यातल्या या मेळाव्यात वर्षभराचा आढावा घ्या, असे मला सांगितले होते. निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय देयकांचे सगळे कार्यवाहांच्या छापील अहवालात आले आहे, ते वाचावे. मला मालखान्याबद्दल, म्हणजे ठाण्यातला जप्त माल ठेवतात त्या जागेबद्दल, बोलायचे आहे. नोकरीत असताना हे बोलायची सोय नव्हती.

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. छाप्यात सापडलेला मोहा सडवा जागेवर नष्ट होतो, पण ज्या दुचाकीवर दारूची कॅन सापडली ती ठाण्याच्या आवारात येऊन पडते. दोन पावसाळ्यांत सीट उंदीर खातात, चाकांतून गवत वर येते, चेसिसचा नंबर गंजाखाली जातो. मग ती गाडी चोरीची होती की कुणाच्या घामाची, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि कागदावर ती बेवारस होते. मावळातली गंगामाता वाहन शोध संस्था राज्यभरच्या ठाण्यांत जाऊन अशा गाड्यांचे चेसिस आणि इंजिन नंबर वाचते, मालक शोधून देते. त्या मंडळींना माझा सलाम. पण हे काम आपले होते!

सकाळच्या सत्रात तरुण मित्रांनी सांगितले की मुद्देमालाची संगणकावर नोंद ठेवणारा ई-मालखाना आला, बारकोड लागले, आता प्रश्न संपला. ज्येष्ठांचे म्हणणे, लिलाव झटपट करा, जागा मोकळी होईल. दोघांनाही एक हकीकत सांगतो.

एका ठाण्यात मी मुद्देमाल मोहरर, म्हणजे जप्त माल आणि त्याची नोंदवही सांभाळणारा, होतो. खेड्यातली एक म्हातारी आपली चोरीला गेलेली पोत घ्यायला आली. कपाटात तीन पाकिटे निघाली. लेबलांचे कागद ओलीने गळाले होते, गुन्हा नंबर वाचता येत नव्हता. नोंदवहीत तिन्हींपुढे एकच मजकूर : 'पिवळ्या धातूची पोत, जुनी वापरती.' म्हातारीने तिन्ही हातात घेतल्या, एक उलटी केली आणि म्हणाली, "भाऊ, हे माही. इथं तांब्याची तार हाय पाहा." मण्यांच्या आड बारीक तारेचा जोड होता. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता. तिच्या गावच्या सोनाराने तो जोड आपण घातल्याचे सांगितले, तेव्हा कुठे न्यायालयाचा आदेश झाला. तोवर तिने किती चकरा मारल्या, त्या मी पाहिल्या आहेत. त्या तीन पाकिटांवर बारकोड असते तर संगणकाने तीच ओळ तीनदा छापली असती. आणि झटपट लिलाव झाला असता, तर तिची पोत कुण्या व्यापाऱ्याच्या मुशीत गेली असती.

कायदा कमी नाही. १९५१ च्या पोलीस अधिनियमात कलम ८२ पासून पुढे बेवारस मालाचीच तजवीज आहे. जाहीरनामा काढून मालकाला सहा महिन्यांची मुदत द्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९७ म्हणते की न्यायालयापुढे आलेल्या मालाचे वर्णन चौदा दिवसांत तयार व्हावे, छायाचित्रे काढावीत आणि त्यापुढच्या तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश व्हावा. जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे ठेवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच गुजरातच्या एका खटल्यात बजावले. त्या खटल्यात आरोपी कोण होते? पोलीस. ताब्यातला मुद्देमाल बदलल्याचा आरोप होता. हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

म्हणून माझे बोट प्रशिक्षणाकडे आहे. नाशिकच्या अकादमीत अधिकारी घडतात, नागपूर-अकोल्याच्या केंद्रांत शिपाई. प्रशिक्षणाचा काळ वाढवा की कायद्याचे तास वाढवा, यावर इथे बरीच खडाजंगी झाली. आमच्या वेळी मुद्देमालाचा पाठ म्हणजे कलमे घोकणे. लाखेचे सील कसे लावायचे, हे मला एका जुन्या हेड मोहररने शिकवले. लाख मेणबत्तीवर धरायची, गाठीवर टपकू द्यायची, थोडी थिजली की पितळी शिक्का दाबायचा. घाई केली तर अक्षर उमटत नाही. लेबल कापडाचे, त्यावर लिहायचे पेन्सिलीने, कारण शाई ओलीने पसरते. तो माणूस साधा हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्याची विद्या कुठल्या पुस्तकात आली नाही, कुठल्या केंद्राने त्याला शिकवायला बोलावले नाही.

आणि किल्ली कुणाकडे जाते? ज्याला बंदोबस्त झेपत नाही त्याच्याकडे, किंवा ज्याच्यावर ठाणेदाराची नाराजी आहे त्याच्याकडे. बदली झाली की 'नोंदवहीप्रमाणे माल बरोबर' अशी सही, आणि एकही पाकीट न उघडता चार्ज संपतो. पुढे पाच वर्षांनी माल भरला नाही तर चौकशी लागते ती शेवटच्या सहीवाल्याची. अशा चौकशीत पेन्शन अडकलेले लोक या मांडवात बसले आहेत. त्यांना मी चोर मानत नाही, आणि कुणी तसे म्हणाले तर ऐकूनही घेणार नाही.

स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती मालखान्याची किल्ली देऊ नये. चार्ज देताना प्रत्येक पाकीट दोघांसमोर उघडावे, तेवढे दिवस दोघांनाही दुसरी ड्युटी लावू नये. शिकवायला निवृत्त मोहरर आहेत, मानधनाशिवाय येतील. अभ्यासक्रमाचा आराखडा कार्यकारिणीने करावा. किती दिवसांचा, कुठल्या केंद्रात, हे बसून ठरवता येईल. मी माझ्यापुरते प्रत्येक प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्यांना पत्र लिहिणार आहे, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहणार आहे. ज्यांना त्या पत्रावर सही करायची असेल त्यांनी जेवणानंतर थांबावे.