पेणची कढई आणि हुंडणावळीचा दर

पेणचे पोह्याचे पापड तुम्ही खाल्ले असतील. त्याला लागणारा भात आपल्या खारेपाटातही पिकतो; पण तो पापड ज्या पामतेलात तळायचा, ते येते इंडोनेशिया-मलेशियातून, आणि त्याची किंमत चुकवायची डॉलरांत. म्हणजे पेणच्या कढईत दोन बाजार एकदम तापत असतात, तेलाचा आणि रुपयाचा.

२०२२ साल आठवा. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले. खाद्यतेल भडकले, खनिज तेलही भडकले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच काही आठवडे बंद केली. खनिज तेल महागले तशी आपल्याला डॉलरची निकड वाढली. त्यात अमेरिकेने व्याजाचे दर चढवले, आणि पैसा तिकडे धावला. वर्षारंभी ७४-७५ रुपयांना मिळणारा डॉलर ऑक्टोबरात ८२ च्या वर गेला. जूननंतर पामतेल जगात बरेच उतरले, तरी त्या उताराचा काही हिस्सा घसरत्या रुपयाने वाटेतच खाल्ला. मग वाण्याशी हुज्जत घालून काय होणार? पेणचे गणपती परदेशी जातात, त्या व्यवहारात महाग डॉलर फायद्याचा खरा. पण मूर्तिकाराच्या घरीही कढई असतेच की!

ही झाली माल विकत घेणाऱ्या देशाची गोष्ट. विकणाऱ्याची याच्या उलट. ती ऐकायला पेणहून रोह्याला जाऊ. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. त्याआधी सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडापाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले होते. पाकिस्तानने मात्र केले नाही. त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४ मोजावे लागणार! फाळणीमुळे तागाची बरीचशी शेते पूर्व बंगालात राहिली आणि गिरण्या हुगळीकाठी आल्या. आपण तो दर मानला नाही, आणि व्यापार अडला.

हा हट्ट त्यांना पेलणार नाही, असे कोणालाही वाटले असते. पण जून १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले. ताग, कापूस वाटेल त्या भावाने खपू लागला. मालाला गिऱ्हाईक असले की नाणेही ताठ उभे राहते. फेब्रुवारी १९५१ च्या व्यापारी करारात भारताने तो दर मान्य केला. अर्थमंत्री होते आपले रोह्याचे चिंतामणराव. पुढे तेजी ओसरली, तागाचे भाव कोसळले, आणि १९५५ च्या जुलैअखेर पाकिस्तानलाही आपला रुपया उतरवून भारताच्या बरोबरीला आणावा लागला.