दावा आधी, बोलणी नंतर
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतकी महाविद्यालयात आम्ही वाण शिकलो, खत शिकलो, दोन ओळींतले अंतर शिकलो. शेतात जायचे कोठून, हे कोणी शिकवले नाही. मानवतच्या बाजारातला कापसाचा भाव आपल्याला तोंडपाठ. पण परतीच्या पावसात बोंडे फुटलेली आणि गाडीवाट अडलेली असेल, तर त्या भावाला काय चाटायचे? काळ्या चिखलातून डोक्यावर गाठोडी आणायची मजुरी कोणत्या उत्पादनखर्चात धरतात?

वाट अडवणारा परका नसतो, भावकीतला असतो. म्हणून आपण म्हणतो, 'सुगी होऊ द्या, मग बोलू.' इथेच घात होतो. वहिवाटीची वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार ती खुली करू शकतो. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. ज्येष्ठात काट्या पडल्या आणि आपण होळीला जागे झालो, तर मुदत संपली. म्हणून दावा आधी लावा, बोलणी नंतर करा. तडजोड झाली तर तहसीलदारापुढे लिहून घ्या.

जिथे वाटच नाही, तिथे जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. शेजारच्या बांधावरून वाट मागता येते. निकाल पटला नाही तर एका वर्षात दिवाणी दावा. या दोन अर्जांची खिचडी करू नका.

गायरानाचे पाहा. २८ जानेवारी २०११ ला जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितले. पण भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांना सूट ठेवली. भूमिहीनाच्या झोपडीवर चालून जायचे आणि धनदांडग्याच्या तारेपुढे गप्प बसायचे, असले आंदोलन आम्ही करणार नाही.

शेवटी एक कडू बोलतो. पाणंद एका दिवसात बुजली नाही. दरसाल नांगराचे एकेक तास पुढे सरकवून आपणच ती खाल्ली. तेव्हा गावनकाशा घ्या, शिवारफेरी काढा. पहिला धुरा मागे सरकेल तो आपल्या कार्यकर्त्याचा असू द्या. मगच दुसऱ्याला 'सरक' म्हणायला आपल्याला तोंड राहील.