कामावरील सोबती आणि आपली प्रार्थना
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



या आनंदाच्या प्रसंगीं आपल्या देवळाविषयीं व रविवारच्या उपासनेविषयीं पुष्कळ बोललें गेलें. मला सोमवारविषयीं बोलावयाचें आहे. रविवारीं मिस्सेंत आपण शेजाऱ्यास शांति देतों, आणि सोमवारीं कचेरींत, शाळेंत, इस्पितळांत किंवा कारखान्यांत एखाद्या सोबत्याचें तोंड पाहतांच ती शांति गमावून बसतों. कोणी टोचून बोलतो, कोणी दुसऱ्याच्या श्रमांचें श्रेय घेतो, कोणी वरिष्ठांकडे चुगल्या करतो. मलाही असा सोबती लाभला होता. त्याच्याविषयीं मीं प्रार्थना केली; पण ती कसली? "प्रभो, याची बदली कर!" बदली कांहीं झाली नाहीं.

त्या दिवसांत लिझ्यूच्या संत तेरेजेचें आत्मचरित्र माझ्या हातीं आलें. ती 1888 सालीं, 15 वर्षांची असतां, कार्मेल मठांत गेली आणि 1897 सालीं, अवघ्या 24 व्या वर्षीं, तेथेंच देवाघरीं गेली. मठांत तरी स्वभावाची कुरबूर नसेल, असें आपणांस वाटतें. परंतु तेथील एका भगिनीचें बोलणें, वागणें, सर्वच तेरेजेला अप्रिय वाटे. ती भगिनी भेटली कीं तेरेजा तिच्यासाठीं प्रार्थना करी व तिचे सद्गुण देवाला अर्पण करी. होईल तेवढी तिची कामें करून देई. उलट उत्तर ओठांवर आलें तर हंसून विषय बदली. आणि मन आवरेनासें झालें तर रणांतून पळणाऱ्या शिपायाप्रमाणें तेथून निघून जाई! शेवटीं त्या भगिनीनेंच तिला विचारलें, कीं माझ्यांत तुला एवढें काय आवडतें?

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मनांतील नावड नाहींशी होईपर्यंत तेरेजा थांबली नाहीं. प्रीति ही भावनेंत नसून कृतींत आहे, हें तिनें ओळखलें होतें.

मींही माझी प्रार्थना बदलली. कामावर शिरण्यापूर्वीं त्या सोबत्याचें नांव घेऊन एक 'नमो मरिया' म्हणूं लागलों. कांहीं दिवसांनीं प्रार्थना करतांना एकाएकीं आठवलें, कीं त्याच्या एका चुकीवर मीं चारचौघांत त्याची थट्टा केली होती. तोंवर मी केवळ त्याचेच अपराध मोजीत होतों! मीं जाऊन क्षमा मागितली. तो माझा जिवलग झाला नाहीं. तो इतकेंच म्हणाला, "बसा." परंतु त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशीं माणसांसारखे बोलूं लागलों.

सहनशीलता म्हणजे अन्यायापुढें मौन नव्हे. दुबळ्यावर जुलूम होत असेल तर बोललेंच पाहिजे. पण तें कसें बोलावें, हें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायांत प्रभूनें शिकविलें आहे: प्रथम त्याला एकांतांत गांठावें, न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावें, आणि मगच तें मंडळीपुढें मांडावें. आपण मात्र बहुधा शेवटापासून आरंभ करतों.

बंधुभगिनींनो, उद्यां सोमवार आहे. ज्याचें नांव आतां तुमच्या मनांत आलें, त्याच्यासाठीं आज वेदीपुढें एक प्रार्थना करून घरीं जा. कदाचित् दुसरा कोणी आपल्यासाठींही तशीच प्रार्थना करीत असेल. प्रभु येशू आपणां सर्वांस त्याच्या हृदयाची सौम्यता देवो.