चुरचुर आणि ठणका



साहित्याच्या व्यासपीठावर डोळ्यांच्या दुखण्याविषयी बोलायला ही बाई का उभी राहिली, असे तुमच्या मनात आले असेल. पण वाचणाऱ्याची सारी संपत्ती डोळ्यांतच असते. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. शाळा, कचेरी, बाजार हिंदीत. मराठी उरली ती घरात आणि पुस्तकात. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा पहिली सुटली ती हीच पुस्तके.

ऑपरेशन चांगले झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि अंगणातल्या तुळशीचे एकेक पान वेगळे दिसले. पण दुसऱ्या आठवड्यात डोळा लाल झाला. आत वाळूचा कण गेल्यासारखे खुपे, संध्याकाळी चुरचुरे, आणि सारखे पाणी वाहे. ऑपरेशन फसले, अशी माझी खात्री झाली. मी तसे बोलूनही दाखवले. ते ऐकून माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आपले ठरलेले ऑपरेशन रद्द केले. "तुझा डोळा बघते आहे ना मी," एवढेच त्या म्हणाल्या. वर्षभर त्या धूसर डोळ्यांनी वावरल्या. एके संध्याकाळी पडवीची पायरी दिसली नाही, पडल्या, आणि मनगट मोडले. ते मनगट माझ्या अज्ञानाने मोडले, असे मी आजही मानते. म्हणून हे व्याख्यान.

आधी हे दुखणे होते कशाने ते पाहू. डोळ्यांवर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात बुबुळाला धरून ठेवणारा चिकट भाग असतो, मधले पाणी असते, आणि वर तेलाचा तवंग असतो. हा तवंग पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतो व पाणी उडू देत नाही. आपण पापणी लववतो तेव्हा हा थर नव्याने सारवला जातो. शेणाने अंगण सारवतो तसेच समजा. सारवण थांबले की भेगा पडतात.

मोतीबिंदू काढताना बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला लहानसा छेद देतात. त्यात तिथल्या नाजूक नसा तुटतात. नसांनी "कोरडे झाले" हा निरोप द्यायचा, तो काही काळ नीट पोचत नाही. पापणी कमी लवते, अश्रू कमी येतात. शिवाय ऑपरेशनच्या वेळचा प्रखर उजेड, जंतुनाशक औषध, आणि नंतरच्या थेंबांत ते टिकावेत म्हणून घातलेले द्रव्य, यांचाही त्रास होतो. वय झालेले, मधुमेही आणि आधीपासून कोरड्या डोळ्यांचे लोक यांना तो अधिक. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी तरुण मुले लेसरचे ऑपरेशन करून घेतात, त्यांच्यातही हाच प्रकार होतो, आणि अनेकदा जास्त दिवस टिकतो.

मग पाणी का वाहते? कोरडा डोळा चिडतो आणि एकदम भरपूर पाणी सोडतो. पण ते नुसतेच पाणी. टिकत नाही, गालावरून ओघळून जाते. पाणावलेला डोळाही कोरडा असू शकतो, हे मला पटायला वेळ लागला. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि ती पाच मिनिटांत किती भिजते ते मोजले. दहा मिलिमीटरपेक्षा जास्त भिजली तर साधारण ठीक, पाचपेक्षा कमी तर डोळा कोरडा. या पद्धतीला शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांचे नाव आहे. 1903 पासून ती चालत आली आहे.

बहुतेकांचा हा त्रास पहिल्या महिन्यात अधिक जाणवतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. तोवर काय करायचे?

डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमाने घाला. दिवसातून बरेचदा घालायचे असतील तर टिकाऊ द्रव्याविना मिळणारे थेंब मागा. दोन औषधांमध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्या. बाटलीचे टोक पापणीला लावू नका. डोळा चोळू नका. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. चुलीचा धूर आणि मिरचीची फोडणी काही दिवस सुनेकडे सोपवा. धानाच्या मळणीच्या दिवसांत खळ्यावर जाऊ नका. जावेच लागले तर चष्मा लावा. गरम कपड्याचा शेक चांगला, पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, आणि डोळा न दाबता. वाचताना किंवा मोबाईल पाहताना आपली पापणी फार कमी लवते, म्हणून मी स्वतःला एक सवय लावली: पान उलटताना डोळे मिटायचे. पुस्तक वाचून होते आणि डोळाही ओला राहतो.

आता माझी दुसरी चूक. शेजारून उरलेल्या थेंबांची बाटली आली. दोन दिवसांत लाली गेली, म्हणून मी तीन आठवडे ते घालत राहिले. ते स्टेरॉइड होते. तपासणीला गेले तेव्हा डोळ्याचा दाब वाढलेला निघाला. वेळेवर कळले, उपचाराने दाब उतरला. न कळता तर नजरेची नस कायमची जाऊ शकते. स्टेरॉइड वाईट नाही, ऑपरेशननंतर डॉक्टर स्वतःच देतात. पण किती दिवस घालायचे आणि कसे कमी करायचे, हे त्यांनीच ठरवायचे. गुलाबजल, मध, बाळंतिणीचे दूध यांपैकी काहीही ताज्या जखमेच्या डोळ्यांत घालू नका.

शेवटी भाषेचे बोलते, कारण इथेच आपल्या मराठीचा उपयोग आहे. आपण बालाघाटला, गोंदियाला, नागपूरला दाखवायला जातो. डॉक्टर विचारतात, "दर्द है?" आपण म्हणतो, "हां." पण घरात आपण किती नेमके बोलतो! खुपते, चुरचुरते, खाजते, जड वाटते, ठणकते. खुपणे आणि चुरचुरणे बहुधा कोरडेपणाचे. ठणका वेगळा. ठणका लागला, दिसणे कमी होऊ लागले, उजेड सहन होईना, पू येऊ लागला, पापणी सुजली, किंवा लाली रोज वाढत गेली, तर आत जंतू शिरल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी, जिथे ऑपरेशन झाले तिथे किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. आपला शब्द तसाच सांगा. समजला नाही तर समजावून सांगा.

जाऊबाईंचे दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन आता झाले आहे. त्यांचाही डोळा लाल झाला होता. त्यांनी मला विचारले, "हे चुरचुरते आहे, ठणकत नाही. चालेल ना?" मी म्हटले, "चालेल, पण परवाची तपासणी चुकवायची नाही." आज त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आणि मी कागद पाहून बोलते आहे हे त्यांना तिथून दिसते आहे.

तुमच्या घरात कुणाचे ऑपरेशन व्हायचे असेल, तर त्यांना लाल डोळ्याची गोष्ट आधीच सांगून ठेवा. आधी माहीत असले की माणूस घाबरून माघार घेत नाही. एवढेच सांगायचे होते.