सासऱ्यांची मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा बोलण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "मला मोटारीवर बोलू द्या." त्या हसल्या. मला मोटार चालवता येत नाही, हे साऱ्या सांगलीला ठाऊक आहे. पण एका मोटारीच्या कागदांमागे मी दीड वर्ष धावले. त्यात जे शिकले ते तुमच्यापैकी दोघीतिघींच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून हे धाडस करते आहे.

आमच्या वाड्यात १९५८ सालची फियाट आहे. आपल्याकडे जिला लाडाने डुक्कर फियाट म्हणत, तीच. मामंजींनी ती मुंबईला नोकरीत असताना घेतली आणि निवृत्तीनंतर इकडे आणली. १९९१ साली ते गेले. गाडी घरचीच, म्हणून आमच्या यजमानांनी ती आपल्या नावावर करून घेतली नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला, तेव्हा चौघांनी ढकलत नेऊन गाडी चढावरच्या एका स्नेह्यांकडे ठेवली. गाडी वाचली. गाडीचे पुस्तक मात्र तळमजल्यावरच्या कपाटात राहिले आणि त्याचा लगदा झाला. पुढच्याच वर्षी यजमान गेले, आणि गाडीची किल्ली माझ्या हाती आली.

भगिनींनो, किल्ली हाती आली म्हणजे मालकी आली असे मी समजत होते. तसे नसते. नियम असा आहे की, मालक वारल्यावर तीस दिवसांत मोटारींच्या कचेरीला तसे कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यावी. आमच्याकडे एक नव्हे, दोन मृत्यू झाले होते आणि मधे तीस वर्षे गेली होती!

पुस्तक हरवले असेल तर आधी पोलीस ठाण्यात नोंद करायची आणि नमुना २६ भरून दुसरी प्रत मागायची. ती मागायची तिथे, जिथे गाडीची मूळ नोंद आहे. आमच्या बाबतीत मुंबईला. मी पाटीवरचा नंबर लिहून अर्ज केला. उत्तर आले की, ह्या नंबरावर निराळ्याच गाडीची नोंद आहे. मी सुन्न झाले. मामंजींनी दुसऱ्या कोणाची गाडी आणली होती की काय, असेही मनात येऊन गेले. खोटे कशाला सांगू?

अशा वेळी मदतीला धावून येणारी माणसे असतातच. एक भंगारवाला किलोच्या भावाने घेऊन जायला तयार होता. दुसरा एक एजंट आला. म्हणाला, "बाई, मोडीत गेलेल्या एका फियाटचे पुस्तक माझ्याकडे आहे. तुमच्या गाडीवरचा चासीचा नंबर घासून तो नंबर ठोकून देतो. आठ दिवसांत काम होईल, आणि नणंदेची सहीही लागणार नाही."

त्या शेवटच्या वाक्याला मी भुलले. कारण आमच्या शेजारच्या वकिलांनी आधीच सांगितले होते की, गाडी मामंजींची, तेव्हा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिच्यावर मुलाइतकाच मुलीचाही हक्क आहे. वन्संचे संमतिपत्र हवेच. आणि वाड्याच्या वाटणीपासून वन्संशी आमचे बोलणे नव्हते. वीस वर्षे झाली होती. त्यांच्या दारात जाण्यापेक्षा एजंट बरा, असे मला वाटले. मी त्याला होकार देऊन बसले.

त्याचा माणूस आला. बॉनेट उघडून त्याने नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासून ठसा घेतला. पासष्ट वर्षांपूर्वीचा आकडा कागदावर लख्ख उमटला. तो पाहिला आणि मला एकदम उमगले की, हा घासून टाकला तर ही मामंजींची गाडी राहणारच नाही. तो गुन्हा तर आहेच. शिवाय उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील आणि जखमी माणसाचा सारा भार आपल्यावर येईल. मी त्या माणसाला चहा दिला आणि परत पाठवले. ठशाचा कागद तेवढा ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीची बस धरली. वन्संनी दार उघडले आणि नुसत्या पाहत राहिल्या. मी म्हटले, "वन्सं, सहीसाठी आले आहे. पण आधीच यायला हवे होते." त्यांनी पाणी दिले, सारे ऐकून घेतले आणि आत जाऊन आपल्या लग्नातले छायाचित्र आणले. १९६४ सालचे. फुलांच्या माळा घातलेली फियाट, शेजारी मामंजी आणि पुढे पाटी स्वच्छ दिसते आहे. पाटीवर जिथे आमच्याकडे आठ होता, तिथे तीन! मागे कधीतरी पाटी नव्याने रंगवताना रंगाऱ्याने इंग्रजी तिनाचा आठ केला होता, आणि घरात कोणी ते पाहिले नव्हते.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, सही देते. पण मला एकदा त्या गाडीतून फिरवून आणायचं."

खरा नंबर आणि चासीचा ठसा पाठवला, तेव्हा मुंबईच्या जुन्या हस्तलिखित वहीत मामंजींचे नाव सापडले. पुढे दोन्ही मृत्यूंचे दाखले, साऱ्या वारसांची प्रतिज्ञापत्रे, विमा आणि उशिराबद्दलचा दंड. २०२३ साली गाडी माझ्या नावावर झाली.

मग मुलाने आणखी एक गोष्ट शोधून काढली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने वेगळे नियम केले आहेत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि जुना नंबर तसाच ठेवता येतो. पण त्यासाठीही जुने पुस्तक लागतेच, गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. त्यामुळे ती वाट धरण्यापूर्वी गाडीचे काय करायचे ते घरात ठरवावे; आणि ठरेपर्यंत मेकॅनिकला इंजिन बदलू देऊ नये. आम्ही मात्र अजून ती वाट धरलेली नाही. साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घेतले. कारण वन्संना दिलेला शब्द पाळायचा होता.

तो पाळला. गणपतीच्या देवळापर्यंत गेलो आणि आलो. वन्सं सत्त्याऐंशी... नाही, त्या रागावतील, वय सांगत नाही. वाटेत कोणी फारसे बोललो नाही. परत आल्यावर त्यांनी गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाबांचा वास अजून आहे गं."

भगिनींनो, गाडी असो, शेत असो की बँकेतले खाते, आपल्या घरात कागद पुरुषांच्या कपाटात असतात आणि निस्तरायची वेळ बायकांवर येते. म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. कपाट उघडा. कोणती वस्तू कोणाच्या नावावर आहे, ते घरातले माणूस हयात असतानाच विचारून घ्या. पुस्तकावरचा नंबर वस्तूवरच्या नंबराशी ताडून पाहा. प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवा. आणि ज्यांची सही कधी ना कधी लागणार आहे, त्यांच्याशी बोलणे टाकू नका. माझ्या गाडीचा खरा नंबर सरकारी कचेरीच्या आधी मला नणंदेच्या ट्रंकेत सापडला.