पिंगयावची पेढी



चीनमधलं जुनं शहर म्हटलं की शीआनचे मातीचे सैनिक डोळ्यांपुढे येतात, नाहीतर बीजिंगचा राजवाडा. मी आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे, तिथे सम्राटाची कबर नाही की राजवाडा नाही. ते सावकारांचं गाव. शान्शी प्रांतातलं पिंगयाव. नोकरीनिमित्त आम्ही बीजिंगमध्ये राहत होतो, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींची सहल तिकडे गेली होती. वेगवान रेल्वेने साधारण चार तासांचा प्रवास. डब्यात चिवडा, दशम्या आणि मुलांची भांडणं, म्हणजे सहलीला लागतं ते सगळं बरोबर होतं.

गावाला तटबंदी आहे, आणि ती पुरी आहे. सध्याचा तट 1370 साली, मिंग राजवटीच्या आरंभी बांधला गेला. उंची सुमारे 12 मीटर, घेर 6 किलोमीटरांच्या आसपास. वेशी सहा. दक्षिणेची वेस हे कासवाचं तोंड, उत्तरेची शेपटी आणि पूर्व-पश्चिमेच्या चार वेशी हे पाय, असं तिथे सांगतात. तटावर 72 बुरूज आणि 3000 चर्या आहेत. कन्फ्यूशियसचे 72 थोर शिष्य आणि एकंदर 3000 शिष्य, त्यांचा हा हिशेब. आमच्यातल्या एका काकांनी चर्या मोजायला सुरुवात केली होती, पण जेवणाची वेळ झाली आणि कन्फ्यूशियस मागे पडला.

जेवणाचं थोडं सांगते. पिंगयावची ख्याती गोमांसाची. दुकानादुकानांतून त्याची पाकिटं रचलेली. आमच्या निम्म्या मंडळींनी ते पाहून मान फिरवली. त्यांना तारलं ते ओटच्या पिठाच्या नळ्यांनी. पातळ पापुद्र्याच्या या नळ्या बांबूच्या करंडीत एकमेकींना चिकटवून उभ्या करतात आणि वाफवतात. वरून पाहिलं तर मधाचं पोळंच. सोबत टोमॅटोचा रस्सा आणि शान्शीचं काळं व्हिनेगर. त्या प्रांतात व्हिनेगर कशावरही ओततात. पहिल्या घासाला तोंड वाकडं करणाऱ्या वहिनी परतताना दोन बाटल्या घेऊन निघाल्या.

आता मुख्य गोष्ट. गावाच्या पश्चिमेकडच्या रस्त्यावर रिशेंगचांग नावाची पेढी आहे. बाहेरून दुकानासारखीच दिसते. आत एकामागे एक चौक, दोन्ही बाजूंना लाकडी गल्ले. आता तिथे संग्रहालय आहे. पेढी म्हणून ती 1823 साली सुरू झाली; त्याआधी ते रंगांचं दुकान होतं आणि बीजिंगमध्ये त्याची शाखा होती. शान्शीचे पुष्कळ लोक बीजिंगला धंद्यासाठी राहत आणि त्यांना घरी पैसे पाठवायचे असत. पैसे म्हणजे चांदी. जड, आणि वाटेत लुटारू. सोबत हत्यारबंद पहारेकरी द्यावे लागत, त्यांचा खर्च वेगळा. मग ओळखीची माणसं रंगाच्या दुकानात येऊन म्हणू लागली, चांदी इथे ठेवून घ्या, घरच्यांना गावाकडच्या दुकानातून द्या. दुकानाचा कारभारी लेइ ल्यूताय याने ओळखलं की रंगापेक्षा यात जास्त कमाई आहे. रंग बंद झाले, हुंडीची पेढी उभी राहिली.

हुंडी म्हटल्यावर आमच्यातल्या सीए काकांना चेव आला. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, पहिली हरवली तर दुसरी पैठ, असं सगळं त्यांनी तिथल्या तिथे समजावलं. चिनी वाटाड्यालाही दुभाष्यामार्फत ते ऐकवलं. तो बिचारा हसत राहिला.

मंडळी त्या गल्ल्यापुढे इतका वेळ का रेंगाळली, हे मला कळत होतं. बीजिंगमध्ये पगार युआनमध्ये मिळायचा आणि तो घरी पाठवायचा तर बँकेत कराराची प्रत, कर भरल्याचा दाखला, पासपोर्ट घेऊन रांगेत बसायचं. आईच्या औषधांचे, घराच्या हप्त्याचे पैसे वेळेत पोचतील ना, ही धाकधूक प्रत्येकाला ठाऊक. तीच धाकधूक दोनशे वर्षांपूर्वी बीजिंगच्या शान्शीकरांना होती, आणि तिच्यावर एका गावाने चीनभर धंदा केला. पुढे एकट्या पिंगयावात अशा वीसहून अधिक पेढ्यांची मुख्य ठाणी होती.

खोट्या हुंडीपासून वाचण्यासाठी कागदात पाण्याचं चिन्ह असे, लिहिणाऱ्याचं अक्षर सगळ्या शाखांच्या ओळखीचं असे आणि वर सांकेतिक लिपी. बारा महिन्यांसाठी बारा चिनी अक्षरं ठरलेली. ती ओळीने वाचली तर खोट्या हुंडीपासून सावध राहण्याचा इशाराच होई. ठरावीक काळाने ही अक्षरं बदलत. आमच्यातल्या आयटीवाल्या मुलांनी इथे पहिल्यांदा फोन खिशात घातले.

नोकरांचे नियम मात्र कडक. परगावी नेमलेल्या माणसाला बायकोमुलं नेता येत नसत आणि घरी जायला रजा साधारण तीन वर्षांनी. हे ऐकल्यावर एक वहिनी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा, मी व्हिसासाठी पाच महिने थांबले तर केवढं कौतुक सांगता!" दुसरीकडे, मालक रोजच्या कारभारात ढवळाढवळ करत नसे, आणि जुन्या, कामाच्या माणसाला एक पैसा न गुंतवता नफ्यात हिस्सा मिळे. भांडवल मालकाचं, कष्ट नोकराचे, आणि वाटणीच्या वेळी दोन्ही मोजायचे. मला विचाराल तर त्या तटापेक्षा ही कल्पना अधिक पक्की.

पण टिकली नाही. 1905 साली सरकारी बँक आली, 1911 ची क्रांती झाली, दिलेली कर्जं बुडाली आणि 1914 मध्ये रिशेंगचांगचं दिवाळं निघालं. गाव गरीब झालं. जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा नव्हता, म्हणून ती राहिली. पैसा आला तेव्हा, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, पाडापाडी सुरू झालीच होती. शांघायच्या थुंगची विद्यापीठातले प्राध्यापक रुआन यीसान यांनी धावपळ करून ती थांबवली आणि जतनाचा आराखडा दिला. 1997 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आज तिथे दर चार पावलांवर लाल कंदील आणि त्याच त्या खेळण्यांची दुकानं आहेत, हेही सांगायला हवं. मुख्य रस्ता सोडून मागच्या बोळात शिरलात तर वाळत घातलेले कपडे आणि पत्ते खेळणारे आजोबा दिसतात.

परतीच्या गाडीत सहलीचा हिशेब निघाला. गोमांस न खाणाऱ्यांनी हॉटेलच्या बिलात किती द्यायचं, यावर पहिला तास गेला. मग तिकिटं आणि खोल्या ठरवणाऱ्या तरुणाने दावा टाकला की रिशेंगचांगच्या नियमाने त्याच्या कष्टांचाही हिस्सा धरावा. सीए काकांनी गंभीरपणे विचारलं, "नफा कुठे आहे वाटायला?" तरुण म्हणाला, "नफा नाही, काका. मग तोट्यातून मला वगळा." मतदान झालं आणि त्याचं रात्रीचं जेवण सगळ्यांच्या खात्यावर पडलं.